धवलारिणीची साक्ष

आपला पणजा कोण हे सिद्ध करायला दिनानाथ घरतला सरकारनं तीन महिने दिले होते. आता पणजा ही काय सिद्ध करायची गोष्ट आहे? प्रत्येकाला तो असतोच. पण चिंचखारची शेतं नव्या शहरासाठी गेली, मिठागरं गेली, आणि गावाजवळ उरले नुसते कागद. कागदावर ज्याचं नाव तो गावचा आणि ज्याचं नाही तो उपरा, असा नवा न्याय ब्याऐंशी साली चिंचखारात सुरू झाला. शंभर वर्षं एका पाणवठ्यावर पाणी भरणारी माणसं एकमेकांचे आजे-पणजे उकरायला लागली.

दिनानाथ चौतीस वर्षांचा, मॅट्रिक पास. ज्या जमिनीत बापाबरोबर त्यानं चिखलणी केली होती, तिच्यावरच आता ठेकेदाराकडे रोजंदारीनं सळया वाकवायचा. भिंत उभी राहायची आणि दिनानाथला मनात कळायचं, ही आपल्या मधल्या खाचराच्या बांधावर आली. कुणाला सांगणार? मुकादम बिहारचा होता, त्याला बांध काय आणि खाचर काय.

गेलेल्या जमिनीच्या मालकाच्या वारसांना सरकार एक दाखला देत होतं. त्या दाखल्यावर तळोज्याच्या कारखान्यात पर्मनंट नोकरी मिळायची. दिनानाथला दुसरं काही नको होतं. जमीन जोमा घरतच्या नावावर होती. जोमाला दोन मुलगे, पदू आणि नाग्या. पदूचा नातू श्यामसुंदर आणि नाग्याचा नातू दिनानाथ, म्हणजे दोन शाखा आणि दोन दाखले. गावातल्या शेंबड्या पोराला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

पण जोमा मेला त्या साली, एकोणीसशे अकरात, जो फेरफार झाला, त्यात लिहिलं होतं, ‘मयत जोमा, वारस मुलगा पदू.’ एवढंच. नाग्याचं नाव वारसात नव्हतं. ते होतं खाली, कसणाऱ्याच्या रकान्यात. दिनानाथनं तालुक्याला आठ खेपा घातल्या तेव्हा कुठं हा कागद सापडला. तो होता मोडीत. कचेरीबाहेर वडाखाली भिंग घेऊन बसणाऱ्या एका म्हाताऱ्या पेन्शनरानं तो वाचून दाखवला.

“नाग्याच्या पुढे बापाचं नाव?” दिनानाथनं विचारलं.

“नाही. नुसता नाग्या.”

“नीट बघा ना काका.”

“अरे, सत्तर वर्षं मोडी वाचतोय मी. नुसता नाग्या लिहिलंय. बैलाचं लिहावं तसं.”

दिनानाथ त्या दिवशी घरी आला तो जेवलाच नाही. जन्माची नोंद शोधायला गेला तर ते दप्तर वाळवीनं खाल्लेलं. शाळेच्या रजिस्टरात नाग्या असणार कसा, त्या काळी आगऱ्याच्या पोराला शाळेत घालायला कोण बसलं होतं? देवीच्या देवळात वर्गणीदारांची पाटी होती, तिच्यावर जोमा होता, पदू होता, नाग्या नव्हता. दिनानाथच्या मनात पाल चुकचुकली नाही असं नाही, पण त्यानं ती हाकलली. कारकुनानं आळस केला असेल, पदूनं थोरला म्हणून एकट्याचं नाव लावून घेतलं असेल, अशी दहा कारणं त्यानं शोधली आणि दहाही स्वतःला पटवली.

श्यामसुंदर त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आई बाळंतपणात गेली म्हणून दिनानाथच्या आईच्या, गोजराच्या, पदराखाली वाढलेला. तिला तो काकी म्हणायचा, पण भाकरी मागायचा ती पोटच्या पोरानं मागावी तशी. त्याला हे सगळं कळलं तेव्हा तो स्टॅम्पपेपर घेऊनच दारात आला.

“दिना, कनाला उगाच टेन्शन घेतोस? नाग्या नं पदू सख्खे भाव, असा मी लिवून देतो. मी सई केली का सायेब दुसरा काय विचारनार नाय. मी त्याला विचारून आलो.”

खरोखरच दाखला देणाऱ्या साहेबांचं तसं म्हणणं होतं. दुसऱ्या शाखेनं मान्य केलं तर विषय मिटतो, नाहीतर घराण्याची माहिती असलेलं कुणी जाणतं, तटस्थ माणूस आणा. हातात आलेला घास होता. एक सही, आणि दिनानाथ तळोज्याला गेला असता.

पण मॅट्रिक पास माणसाचं नाक. दिनानाथ म्हणाला, “तुज्या सईनं मी जोमाचा पनतू व्हनार काय? मी हायेच. उद्या गाव बोलंल, श्यामनं उपकार केले म्हनून दिन्या घरत झाला. मना भीक नको. मी साक्षीदार आनतो.”

“कोनाला आनशील?”

“बायजाबायला.”

श्यामला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्याला तरी कुठं काय माहीत होतं.

बायजाबाई ही चिंचखारची धवलारीण. आगऱ्यांच्या घरचं लग्न भटजी नंतर लावतो, आधी लावते ती धवलारीण. ती धवले गाऊन देवांना मांडवात बोलावते, मग त्या घरच्या पितरांना एकेकाचं नाव घेऊन हाक मारते, त्यांचं पान मांडते, आणि मगच हळद लागते. बायजाबाई तेव्हा ऐंशीच्या पुढची. तिच्या आधी तिची आई धवलारीण होती आणि आईच्या आधी आजी. गावातल्या प्रत्येक घरचे पाच-सहा पिढ्यांचे मेलेले तिला तोंडपाठ होते. अक्षराची ओळख नाही, पण तिच्या डोक्यात जे होतं ते तालुक्याच्या दप्तरात नव्हतं, आणि त्याला वाळवीही लागली नव्हती.

दिनानाथच्या लग्नातही तिनंच धवले गायले होते. पण तेव्हा ह्या शहाण्यानं उरणहून लाऊडस्पीकर आणला होता. सिनेमाची गाणी इतकी मोठ्यानं लावली होती की मांडवात बायजाबाईचे नुसते ओठ हलताना दिसत होते. म्हातारीनं तरी दोन तास बसून सगळं म्हटलं होतं. पितरांना ऐकू गेलं असेल तर असो, नवऱ्या मुलाला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

आईला त्यानं बेत सांगितला तेव्हा गोजरा सूप पाखडत होती. तिचा हात थांबला.

“तिला कनाला नेतोस? म्हातारी झाली ती. पोलीस पाटलाला ने.”

“पाटील काल जन्मलाय. त्याला काय म्हायती?”

“श्याम सई देतो बोल्ला ना? घे ना मंग.”

“आये, तुला नाय कलायचा. ह्या हक्काच्या गोष्टी हान.”

गोजरा पुन्हा पाखडायला लागली. त्या वेळी तिनं सांगितलं असतं तर? पण जी गोष्ट नवऱ्यानं मरताना गिळायला सांगितली होती, ती मुलापुढे ओकायची कशी, हे त्या बाईला सुचलं नाही. ती एवढंच म्हणाली, “बग बाबा. शिकलेला तू हास.”

चौकशी होती मंगळवारी अकराला. साहेब साताऱ्याकडचे, माणूस वाईट नव्हता. टेबलावर फायलींचा ढीग, बाहेर बाकावर दहा गावचे लोक आपापले आजे हातात घेऊन बसलेले. दिनानाथनं बायजाबाईला टॅक्सीनं आणली होती. तिनं लग्नाला नेसायचं ते लाल पातळ नेसलं होतं आणि कंबरेला मूठभर तांदूळ बांधले होते. श्यामसुंदर दुसऱ्या शाखेचा म्हणून बोलावलेला, तो भिंतीला टेकून उभा होता.

“आज्जी, यांच्या घरातली मागची नावं माहीत आहेत तुम्हाला?” साहेबांनी विचारलं.

“हान की.”

“सांगा.”

बायजाबाईनं दिनानाथकडे बघितलं. “असा कसा सांगू? मना नुसता सांगता येत नाय. म्हनाला लागल.”

कारकून हसले. दिनानाथनं दम धरला. तो तिच्याजवळ वाकून म्हणाला, “बाय, लग्नान म्हनतेस तसाच म्हन. काय सोडू नको. एकूनएक नाव घे.”

मग त्या म्हातारीनं सरकारी फरशीवर बसकण मारली, समोर तांदळाची चिमूट ठेवली, आणि डोळे मिटून सूर लावला. पंखा घरघरत होता, टाइपरायटर थांबले. आधी देव आले, खाडीची आई आली, गावदेवी आली. मग घरत्यांचे पितर यायला लागले.

‘येवा गो येवा, मांडवान येवा. कालू घरत येवा, तुजे नातवंडांचा पान हाय. कालूचा जोमा येवा, दोन पोरांचा पोशिंदा येवा. जोमाचा पदू येवा.’

साहेबांचा कारकून भराभरा उतरून घेत होता. दिनानाथ छाती पुढे काढून उभा होता. आता नाग्या. आता येईल.

‘पुतलाआये येवा, पाटाची अस्तुरी येवा, कडेवर पोर घेऊन आलीस तशी येवा. कडेवरचा नाग्या येवा. नाग्याचा बापूस येवा, जासईचा आंबो येवा. पटकीनं गेलास आंबो, पोराचा तोंड नाय बगलास, खारीवरून चालत येवा. तुजे वंसाचा लगीन हाय, तुजा पान येगला मांडलाय.’

ती पुढेही म्हणत राहिली, पण कुणी लिहीत नव्हतं. साहेबांनी हात वर केला. “थांबा आज्जी. नाग्याचा बाप कोण म्हणालात?”

“आंबो. जासईचा.”

“मग जोमा?”

“जोमा त्याला वाडवनारा. पुतला रांडावली, जोमाची बायको बी मेलेली. जोमानं तिच्याशी पाट लावला. पोर दोन वर्साचा, तिच्याबरोबर आला. पन जोमानं कदी दुजाभाव केला नाय हां, सायेब. अर्दी शेती त्याला कसाला दिली. सोन्यासारका वाडवला.”

भर कचेरीत, दहा गावच्या माणसांसमोर, दिनानाथनं स्वतः टॅक्सी करून आणलेल्या साक्षीदारानं त्याच्या आज्याला घरत्यांच्या घरातून उचलून बाहेर ठेवलं होतं. आणि कसं? प्रेमानं. म्हातारीला वाटत होतं आपण पोराचं भलं केलं.

साहेबांनी चष्मा पुसला. दत्तकविधानाचा काही कागद आहे का, विचारलं. नव्हता. आगऱ्यांच्या घरात पाटाबरोबर आलेल्या पोराचा कागद कोण करतो? त्याला ताटात वाढतात, झालं. साहेब म्हणाले, “मग मला काही करता येणार नाही, घरत. आधीच्या नवऱ्याचा मुलगा जोमाचा वारस होत नाही.” घरत म्हणताना ते जरासे अडखळले, तेवढंही दिनानाथला दिसलं.

मग त्यांनी कागद फिरवून श्यामसुंदरपुढे केला. नाग्या याचा जोमाच्या वंशाशी रक्ताचा संबंध नाही, मी एकटाच वारस आहे, असा तो जबाब. “सही करा. नाहीतर तुमचीही केस लटकेल.”

श्यामनं दिनानाथकडे पाहिलं. दिनानाथनं मान फिरवली. त्यानं मान फिरवली नसती, नुसतं डोळ्यांनी नको म्हटलं असतं, तर श्याम थांबला असता का, हा प्रश्न दिनानाथला पुढं फार छळायचा होता. श्यामला दोन पोरं होती. त्यानं सही केली. पेन साहेबांचंच होतं.

घरी आल्यावर दिनानाथ आईवर तुटून पडला. “तुला म्हायती व्हता.”

“सासूनं सांगितलेला. तुज्या लग्नाच्या आदी बायजा विचारून गेली, आंबोचा पान मांडू का म्हनून. मी बोल्ली, मांड.”

“नं मना नाय सांगितलास?”

“तुज्या बापसानं शपत घातलेली. तो बोल्ला, जोमानं आपल्याला आपला म्हटला, आता आपून जोमाचेच. परत तो विषय घराण नको.” गोजरानं डोळ्याला पदर लावला. “श्यामची सई घे म्हनून तुला बोल्ली का नाय मी?”

दिनानाथ उठला आणि तणतणत बायजाबाईच्या दारात गेला. ती ओटीवर सुकट निवडत बसली होती. “बाय, येक नाव गिलला असतास तर काय झाला असता?”

म्हातारी चकित झाली. “बापूस गिलायचा? पितराला वगलला तर तो दारान उबा राहतो रं. नं सायबाला खोटा सांगाचा व्हता तर आदी बोलाचास. मी नसती का सांगितला? मी काय सरकारची सोयरी हाय? तूच बोल्लास, लग्नान म्हनतेस तसाच म्हन.”

म्हणजे गावात खोटं बोलायला सगळे तयार होते. श्याम न कळता का होईना तयार होता, आई तयार होती, ही सत्यवचनी म्हातारीसुद्धा तयार होती. खरं हवं होतं एकट्या दिनानाथला, आणि ते त्याला मिळालं.

तो जासईलाही जाऊन आला. कुणी सांगितलं म्हणून नाही, स्वतःच्या मनानं. आंबोचं घर कुठलं ते विचारत विचारत एका अंगणात पोचला. तिथं दिनानाथचंच नाक हुबेहूब चेहऱ्यावर घेऊन एक माणूस बाजेवर बसला होता. दिनानाथला गहिवरून आलं. त्यानं पुतळाचं, नाग्याचं सगळं सांगितलं. त्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्याही जमिनीला बंदरासाठी नोटिसा लागल्या होत्या.

“आंबोला पोर नव्हता,” तो म्हणाला. “आमच्याकडे वंशावल हाय. ज्या गावची जमीन गेली त्या गावान जा नं विचार.” चहा ठेवायला आत सांगितलं होतं, ते त्यानं पुन्हा आत जाऊन थांबवलं.

पुढची दोन वर्षं तशीच गेली. श्यामला तळोज्याला नोकरी लागली. तो पहिला पगार झाल्यावर पेढे घेऊन आला, गोजराच्या पाया पडला. दिनानाथ मागच्या दारानं निघून गेला. मुद्दाम भांडण काही झालं नाही. श्याम येताना दिसला की दिनानाथला काहीतरी काम आठवायचं, एवढंच. गावातही कुणी तोंडावर बोललं नाही. फक्त लग्नाच्या आमंत्रणात पूर्वी ‘समस्त घरत परिवार’ म्हणून एकच पत्रिका दोन्ही घरांत मिळून यायची, आता दिनानाथला वेगळी यायला लागली, नावानिशी, आदरानं. तो आदर त्याला जिव्हारी लागायचा. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, असं तो बायकोला म्हणायचा.

चौऱ्याऐंशीच्या माघात गोजरा गेली. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी संपली. श्याम रात्रपाळीला होता. त्याला निरोप पोचेपर्यंत तिला नेलं होतं. तो धावत स्मशानात आला तेव्हा चिता अर्धी झाली होती. कारखान्याच्या खाकी कपड्यांत तो लांब उभा राहून लहान पोरासारखा रडला. दिनानाथनं ते पाहिलं. जवळ जावंसं वाटलं, पाय उचलला नाही.

दहाव्याला सगळे तळ्यावर जमले. न्हावी दगडावर बसला होता. आगऱ्यांत म्हातारं माणूस गेलं की मुलगा डोकं करतो आणि मुलाबरोबर भावकीतले पुरुष करतात. ज्याला ज्याला सुतक, तो तो. दिनानाथ पुढे बसला. त्याच्या मागे कोण बसणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घरत भावकीतले सात-आठ पुरुष तळ्याकाठच्या वडाखाली उभे होते, एकमेकांकडे बघत होते. बसावं तर कागद आडवा येतो, न बसावं तर गोजराच्या हातचं खाल्लेलं आठवतं. कुणी हलेना.

मग श्यामसुंदर पुढे आला. त्यानं सदरा काढला, घडी करून दगडावर ठेवला, आणि दिनानाथच्या मागे उकिडवा बसला. डोक्यावर तळ्याचं पाणी घेतलं. वडाखालचे लोकही एक-दोन पावलं पुढे सरकले.

दिनानाथला पाठीमागे त्याचा श्वास ऐकू येत होता. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच होतं. श्यामनं यावं, न बोलता मागे बसावं, चार लोकांत बसावं. आता फक्त गप्प राहायचं होतं. पण घशात दोन वर्षांचं कडू साचलेलं, ते गप्प बसू देईना.

“ऊठ,” तो मागे न वळता म्हणाला. “तुज्या घरान कोन मेला नाय. तू लिवून दिलायस.”

न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. दिनानाथ मान खाली घालून बसला होता. मनात म्हणत होता, उठू नको. मला शिवी दे. पाठीत लाथ घाल, म्हण की काकी माझी आई होती, तू कोण मला उठवणारा. एवढं म्हण श्याम, मी तुझ्या पायाशी पडतो.

श्याम उठला. ओल्या केसांवरून हात फिरवून त्यानं पाणी निपटलं, सदरा घातला, बटणं लावली. त्याची दुपारची शिफ्ट होती.